थूल मॅडमची सेवा योजना

थूल मॅडमबरोबर मी सहा वर्षं काम केलं आणि त्यातली किमान पाच वर्षं मला त्यांचा राग येत होता. आज हे मोकळेपणाने लिहितो, कारण तेव्हाही ते लपलेलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं, सगळ्या स्टाफरूमला ठाऊक होतं, आणि त्या ज्याच्या हाती मला चिठ्ठ्या पाठवायच्या तो शिपाईसुद्धा चिठ्ठी टेबलावर ठेवून लगेच दोन पावलं मागे सरकायचा.

नेरच्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवतो. त्या भूगोल शिकवायच्या. पण गावात त्यांची ओळख भूगोलाची नव्हती, सेवा योजनेच्या मॅडम अशी होती. महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं एक सेवा पथक असतं. मुलांनी वर्षभर श्रमदान, रक्तदान, साफसफाई, झाडं लावणं असं काही ना काही करायचं, हिवाळ्यात एखाद्या खेड्यात सात दिवसांचं शिबिर करायचं आणि दोन वर्षं झाली की प्रमाणपत्र आणि परीक्षेत थोडे वाढीव गुण घ्यायचे. या कामाला एक कार्यक्रम अधिकारी असतो आणि त्याच्या हाताखाली एक सहायक. एका जुलैत प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की सहायक म्हणून माझं नाव दिलं आहे. 'तिकडे एक नेटका माणूस पाहिजे,' ते म्हणाले. मला तेव्हा ती स्तुती वाटली.

मॅडम मूळच्या ढाणकीच्या. वडील तिथल्या बाजारात हमाली करायचे आणि घरात कॉलेजची पायरी चढलेल्या या पहिल्याच. अंगाने ठेंगण्या, केस बारीक कापलेले, सुती साडी आणि साडीखाली कापडी बूट. बोलायच्या वऱ्हाडी. वर्गात व्याख्या पुस्तकातली सांगायच्या आणि समजावून सांगायच्या वेळी सरळ घरच्या बोलीत उतरायच्या. एका नव्या प्राध्यापकाने एकदा सुचवलं की महाविद्यालयात प्रमाण भाषा बरी दिसते. मॅडम वही तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, 'समजलं ना पोट्ट्याहीले? मंग झालं.'

त्यांच्याकडे कुठलीही कल्पना घेऊन गेलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा. 'त्याहीले विचारलं का?' वृद्धांना ब्लँकेटं वाटू म्हटलं की वृद्धांना विचारलं का. शाळेची भिंत रंगवू म्हटलं की शाळेतल्या पोरांना विचारलं का. मी सुरुवातीला उत्साहाने सांगायचो, नंतर सावधपणे, आणि पुढे पुढे स्टाफरूममध्ये त्या नसतानाच टाचण करून ठेवायचो. त्याचा काही उपयोग व्हायचा नाही.

पहिला झटका मला त्याच वर्षी बसला. स्वच्छतेचा कार्यक्रम होता. जागा ठरली आठवडी बाजाराची. पाहुणे म्हणून गावातले एक मोठे व्यापारी येणार होते. मी नवे झाडू आणले, त्यांना रंगीत फिती बांधल्या, फलक लिहून घेतला, मुलांना पांढऱ्या टोप्या दिल्या. सकाळी नऊला आम्ही पोचलो तर मैदान लख्ख. आदल्या दिवशीचा बाजार झाल्यावर तिथे झाडणाऱ्या कांताबाईंनी पहाटेच सगळं झाडून काढलं होतं. पाहुणे आले, हातात झाडू दिला, आणि झाडायला काही नाही. मी हळूच दोन मुलांना बाजूच्या कडुनिंबाखालचा पाला आणून पसरायला सांगितलं. इतर सगळेही असंच करतात.

मॅडमनी ते पाहिलं. त्या मुलांना थांबवून सरळ कांताबाईंकडे गेल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या. परत येऊन त्यांनी सगळ्यांसमोर, पाहुण्यांसमोरही, शांतपणे सांगितलं की मैदान झालेलं आहे, त्यावर पुन्हा कचरा टाकणं हा त्या बाईच्या कामाचा अपमान होईल. मदत हवी आहे ती मागच्या नालीत. बाजारातला सडका भाजीपाला वाहत जाऊन तिथे अडकला आहे आणि दोन बायांना तो एका दिवसात उपसून होत नाही.

पाहुण्यांना अचानक कुठलंसं काम आठवलं. मुलं नालीत उतरली. मॅडम साडी खोचून सगळ्यात आधी. मी काठावर उभा होतो. माझ्या अंगात त्या दिवशीसाठी इस्त्री केलेला पांढरा शर्ट होता. कांताबाईंनी एक घमेलं माझ्याकडे धरलं आणि मी ते घेतलं, कारण न घेण्याचं कारण सुचलं नाही. दुपारी एकपर्यंत आम्ही सडकी कोबी आणि टमाटे वाहत होतो. फोटो काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांची बोलणी खावी लागली ती मला, कारण नेटका माणूस मी होतो.

प्रमाणपत्राचं प्रकरण तर दरवर्षीचं. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांचे अर्ज मी नीट लावून त्यांच्यापुढे ठेवायचो. खाली सही करायची, एवढंच काम. त्या एकेका मुलाला समोर बसवायच्या आणि विचारायच्या, 'शिबिराच्या गावातल्या पाच मानसांची नावं सांग.' सरपंच चालत नसे. ज्यांच्या घरी चहा प्यायला त्यांची, ज्यांच्या ओसरीवर बसला त्यांची. ज्याला पाच नावं येत नसत त्याला त्या गावात पुन्हा जाऊन यायला लावायच्या. गौरव नावाचा एक मुलगा होता, संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा पुतण्या. त्याला दोनच नावं आली, त्यातलं एक कुत्र्याचं. मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला. फोन मला आले, प्राचार्यांचेही आणि काकांचेही. मी जाऊन म्हटलं, 'मॅडम, एका सहीनं काय बिघडतं?' त्या म्हणाल्या, 'माझं नाई बिघडत सर. त्याचंच बिघडते.' शेवटी तो मुलगा चिडून मोटरसायकल काढून गेला, दिवसभर त्या गावात राहिला, संध्याकाळी सात नावं घेऊन आला. सही झाली. पण दोन आठवडे माझी झोप उडाली ती उडालीच.

आता त्या शिबिराविषयी. ते झालं नसतं तर मी कदाचित हे लिहायलाही बसलो नसतो.

नेरपासून काही अंतरावर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. फाट्यावर उतरून तीन किलोमीटर आत. जानेवारीतलं शिबिर तिथे ठरलं. मी महिनाभर खपून आराखडा केला होता. तांड्याच्या खालच्या नाल्यावर वनराई बंधारा बांधायचा, त्यासाठी खताची रिकामी पोती जमवली, दररोज सकाळी चार तास श्रमदान, दुपारी व्याख्यान, सगळं तासातासाने लिहिलेलं. पाचव्या दिवशी तपासणीला विद्यापीठाकडून पाहुणे आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष येणार होते. त्यांच्या हस्ते शेवटचं पोतं.

पहिल्या दिवशी सकाळी मुलं फावडी घेऊन रांगेत उभी राहिली आणि मॅडमनी जाहीर केलं की दोन दिवस कुणी काम करायचं नाही. जोडीजोडीने घराघरांत जायचं आणि बसायचं. एका मुलाने विचारलं, बसून काय करायचं. त्या म्हणाल्या की बसल्यावर कळेल. मी त्यांना बाजूला घेऊन आराखडा दाखवला. त्यांनी तो वाचला, माझं अक्षर चांगलं आहे म्हणाल्या, आणि घडी करून परत दिला.

तांडा अर्धा बंद होता. कामाची माणसं ऊसतोडीला गेलेली. दारांना कुलपं, मागे राहिलेले म्हातारे, म्हाताऱ्या आणि शाळेत जाणारी काही पोरं. सोमलाबाबा म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. ते मराठीत आमच्याशी फार अदबीने बोलले. बंधारा करा, चांगलं काम आहे, म्हणाले. मग शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून त्यांच्या गोर बोलीत काहीतरी बोलले आणि ती तोंडाला पदर लावून हसली आणि काहीतरी पुटपुटली. आमच्यात कुणालाच कळलं नाही. निदान मला तसं वाटलं.

आमच्या पथकात पूजा राठोड नावाची मुलगी होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. शांत, मागे मागे राहणारी. म्हातारी हसली तेव्हा पूजाही हसली होती, अर्ध्या क्षणापुरती, आणि मग चेहरा सरळ केला होता. मॅडमनी ते टिपलं. त्यांनी विचारलं, 'काय म्हनले ते?' पूजा म्हणाली, मला नाही समजत ती भाषा. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. मी मात्र वैतागलो होतो. पन्नास मुलं ओसऱ्यांवर बसलेली, फावडी कोरडी, पोती रिकामी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा आपणहून आली. मी तिथेच होतो. खाली बघत म्हणाली, 'मॅडम, मी तांड्यावरचीच आहे. इथली नाही, दारव्ह्याकडची. बाबा म्हणाले, पोरं खेळायला आली आहेत, खेळू द्या, सातव्या दिवशी जातील. नाल्यात पाणीच नाही तर हे अडवणार काय.' तिने पुढचंही सांगितलं. म्हातारी म्हणाली होती की यांच्यातल्या एखाद्याला विचारा, मशीनपुढे आमची बोटं का उमटत नाहीत.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रेशनसाठी प्रत्येकाची ओळख पटवून घ्यायची होती आणि मुदत जवळ आली होती. मशीनवर बोट ठेवायचं. आयुष्यभर ऊस तोडून, माती उकरून या माणसांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. गावात मशीन आणलं तेव्हा ठसे उमटले नाहीत. दुसरा मार्ग डोळ्यांवरून ओळख पटवायचा, पण ते यंत्र नेरला. तिकडे नेणारी मुलं-सुना उसाच्या फडात. फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालायचं, बस पकडायची, रांगेत थांबायचं, फॉर्म वाचायचा, आणि समोरचा काय विचारतो ते समजून घ्यायचं, हे एकट्याने कुणाला जमेना. मुदत गेली तर धान्य बंद होईल अशी सगळ्यांना धास्ती होती. आणि हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही नाला बघायला आलो होतो.

मॅडम माझ्याकडे वळल्या. 'सर, बंधारा राहू द्या.'

मी म्हटलं की पाचव्या दिवशी अध्यक्ष येणार आहेत. त्या म्हणाल्या, येऊ द्या. मी म्हटलं की मुलांना शिबिराच्या जागेबाहेर न्यायला परवानगी लागते. त्या म्हणाल्या, 'मांगा ना मंग.' मी फोन केला, प्राचार्य बैठकीत होते. तोवर मॅडमनी जोड्या पाडायला सुरुवात केली होती. कोण हळू चालतं, कोण न बोलता तासभर बसू शकतं, कोणाचं अक्षर वाचता येतं. त्यांच्याकडे एक वही होती, तिच्यात बघून त्या नावं घेत होत्या. भरभर चालणारी मुलं त्यांनी स्वयंपाकाला आणि पाणी भरायला ठेवली. पूजाला म्हणाल्या, 'तू रोज जाशील?' ती हो म्हणाली.

पाचव्या दिवशी अकराला तीन गाड्या आल्या. अध्यक्ष, विद्यापीठाचे दोन पाहुणे, छायाचित्रकार. तांड्यावर मी होतो, कांदे चिरणारी चार मुलं होती आणि मंदिराच्या भिंतीला टेकवलेली पोत्यांची चळत होती. अध्यक्षांनी बंधारा कुठे आहे विचारलं. मी नाला दाखवला. शिबिरार्थी कुठे आहेत विचारलं. मी नेरला म्हणालो. 'आम्ही नेरहूनच आलो,' अध्यक्ष म्हणाले. पाहुण्यांपैकी एकाने चहा मागितला. आयुष्यात मला इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नाही. त्या वेळी मॅडम समोर असत्या तर मी काय बोललो असतो कुणास ठाऊक.

त्या तेव्हा नेरला एका केंद्राबाहेर बाकावर झमकूबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. झमकूबाईंची बोटं उमटत नव्हती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे डोळ्यांचीही ओळख पटेना. दोन दिवस त्यांना परत यावं लागलं होतं. तिसऱ्या खेपेला यंत्र चालवणाऱ्या तरुणानेच सांगितलं की अशा माणसांसाठी वेगळा अर्ज असतो, वर अधिकाऱ्याची सही लागते. पूजाने तो भरला. अधिकारी दौऱ्यावर होते. सातव्या दिवशी शिबिर संपलं, मुलांना घेऊन परत यायचं मॅडमनी माझ्यावर सोपवलं, आणि त्या व पूजा आणखी एक दिवस झमकूबाईंबरोबर थांबल्या. सही मिळाली. झमकूबाईंनी पावती पदराच्या गाठीत बांधली आणि पूजाला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मॅडमनी पूजाला अर्थ विचारला तर ती नुसतीच रडायला लागली. मग मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. हे मला पूजानेच नंतर सांगितलं. अर्थ तिने मलाही सांगितला नाही.

तांड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांची ओळख पटवून झाली, एक सोडून. तो एक म्हणजे सोमलाबाबा. ते म्हणाले, माझी पोरं मुदतीच्या आधी येतील, मी त्यांच्याबरोबर जाईन, परक्या पोरांना कशाला त्रास. मी म्हटलं, समजावू या, एकच तर राहिले आहेत, यादी पूर्ण होईल. मॅडम म्हणाल्या, 'त्याहीनं नाई म्हटलं ना.' आणि विषय संपला. मला वाटलं, आता हिला दुनियेतली कुठलीच यादी पूर्ण करायची नाही. पुढे कळलं की मुलं वेळेत आली आणि त्यांचंही काम झालं. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं.

आठवड्याभराने प्राचार्यांनी मला बोलावलं. शिबिराबद्दल लेखी द्या म्हणाले. 'टीका नको, फक्त जे झालं ते.' मी एका पानावर लिहिलं. आराखड्यातला बंधारा झाला नाही. पहिले दोन दिवस श्रमदान झालं नाही. विद्यार्थ्यांना पूर्वपरवानगीशिवाय शिबिराच्या जागेबाहेर नेण्यात आलं. मान्यवरांच्या भेटीच्या वेळी कार्यक्रम अधिकारी उपस्थित नव्हत्या. प्रत्येक वाक्य खरं होतं. मुलं तिकडे काय करत होती ते मी लिहिलं नाही. ते कुणी विचारलं नव्हतं. सही करताना मला हलकं वाटलं होतं हेही खरं आहे.

पंधरा दिवसांत कार्यक्रम अधिकारीपद माझ्याकडे आलं.

माझं पान त्यांना दाखवलं गेलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या ठेवल्या, शिक्का ठेवला आणि ती वही ठेवली. म्हणाल्या, 'हे असू द्या, नावं शोधायले बरं पडते.' आणि तासाची घंटा झाली म्हणून निघून गेल्या.

वहीत दर वर्षीची मुलं होती, प्रत्येक नावापुढे एकेक ओळ. पूजा राठोड, दोन भाषा येतात, आधी लाजते. अमका, पंक्चर काढतो. तमकी, रडणाऱ्या लेकरापाशी बसवावी. गौरव, भरभर चालतो, म्हाताऱ्याबरोबर पाठवू नये, पण गेला तर परत येतो. शिबिराच्या वर्षाच्या पानावर, मुलांच्या मध्येच, माझंही नाव होतं. पुढे लिहिलं होतं, 'वेळेवर येतात. चिडतात, पण येतात.' मी वही कपाटात सगळ्यात खाली ठेवली आणि बरेच दिवस ते कपाट उघडलं नाही.

पुढचं शिबिर मी दुसऱ्या गावात केलं. त्या नाल्यात पाणी होतं. बंधारा झाला, फोटो चांगले आले, अध्यक्ष खूश झाले. थूल मॅडम रजा टाकून सातही दिवस तिथे आल्या. मुलांच्या रांगेत उभ्या राहून वाळूची पोती पुढे देत राहिल्या. एका शब्दाने काही सुचवलं नाही. चौथ्या दिवशी मला राहवेना. मी जाऊन विचारलं, 'मॅडम, काही चुकतंय का?' त्या पोत्याचं तोंड सुतळीने शिवत होत्या. 'काहून? चांगलं चालू हाय,' म्हणाल्या, आणि माझ्या हातात दाभण दिला. त्या सात दिवसांत मला त्यांचा जितका राग आला तितका आधीच्या सगळ्या वर्षांत आला नव्हता. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि ढाणकीला भावाच्या घराशेजारी राहायला गेल्या. निरोपसमारंभात मी प्रास्ताविक केलं. त्यातही ते पान मी वगळलं.

गेल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मला उमरखेडला जावं लागलं. काम दुपारी आटोपलं. ढाणकी तिथून जवळ. जाऊन एकदा बोलून टाकायचं असं मी ठरवलं. वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण पूर्ण नव्हतं, अशी काहीतरी सुरुवात करायची होती. बाजारात उतरून पत्ता विचारला तर तिघांनी एकदम बोट दाखवलं.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा त्या बाहेर पडत होत्या. पूर्वीपेक्षा वाळलेल्या, केस पूर्ण पांढरे, पायात तसलेच कापडी बूट. शेजारची एक बाई स्कूटर चालू करून उभी होती आणि मॅडम तिच्यामागे बसायच्या खटपटीत होत्या. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. पण शेजारणीच्या सासूला दवाखान्यात दाखल केलं होतं आणि तिच्यापाशी बसायची त्यांची पाळी तीनला सुरू होणार होती, आणि तीन वाजून गेले होते.

मी म्हटलं, 'मॅडम, मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.'

'बोलू ना,' त्या म्हणाल्या. 'मी सात वाजेपर्यंत येतो. थांबता का?'

माझी शेवटची सोयीची बस पाचला होती. हे त्यांना सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी कशासाठी आलो ते त्यांना कळलं होतं की नाही, मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग म्हणाल्या, चहासाखर ओट्यावर आहे, दूध झाकून ठेवलं आहे, चहा करून प्या, तसेच जाऊ नका. स्कूटर निघाली. कोपऱ्यावर वळता वळता त्यांनी मान वळवून ओरडून सांगितलं, 'जातानी दार नुसतं लोटून घ्या सर. कडी नका लावू. लोकं येत असतेत.'

मी आत गेलो. परक्या स्वयंपाकघरात पातेलं शोधलं, चहा केला, उभ्यानेच प्यायलो, कप विसळून पालथा घातला. जुळवलेली सगळी वाक्यं तशीच माझ्याजवळ होती. मला पुन्हा त्यांचा राग आला. मग मी दार लोटून घेतलं आणि बसस्टँडकडे निघालो.